लाळेवरून स्नायूंचा प्रकार सांगणारी जनुकीय चाचणी : एक परीक्षण

लाळेच्या एका नमुन्यावरून आपले स्नायू वेगाचे आहेत की दमाचे हे सांगण्याचा दावा करणारी जनुकीय चाचणी आता घरपोच मिळते. मी भौतिकोपचाराच्या विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि माझ्या बऱ्याचशा संध्याकाळी अ‍ॅथलेटिक्सच्या मैदानावर जातात. तिथे पालकांकडून या चाचणीविषयी इतक्या वेळा विचारणा होऊ लागली की अखेर मी ती स्वतःसाठी मागवली. त्याच सुमारास दोनशे मीटर धावणाऱ्या एका शाळकरी मुलीच्या वडिलांनी तिचा अहवाल माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, “मॅडम, आता हिला लांब पल्ल्याकडे वळवायचं का?” हे परीक्षण त्या दोन अहवालांवर आधारलेले आहे. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण माझा आक्षेप एका विक्रेत्यापुरता नसून एवढ्याशा माहितीवरून एवढे मोठे निष्कर्ष विकण्याच्या पद्धतीवर आहे.

सेवेच्या बाजूने फारशी तक्रार नाही. खोके व्यवस्थित बांधलेले होते, नळीवरील खुणा स्पष्ट होत्या, नमुना देण्यापूर्वी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये ही सूचना ठळक अक्षरांत छापलेली होती आणि कुरियरचा माणूस ठरल्या वेळी नमुना घेऊन गेला. माहितीपत्रक इंग्रजी आणि हिंदीत होते. महाराष्ट्रात एवढ्या उत्साहाने विकल्या जाणाऱ्या वस्तूसोबत मराठी पत्रक असायला हवे होते, विशेषतः ज्या कागदावर संमतीची सही घ्यायची तो तरी मराठीत हवाच. अहवाल सांगितलेल्या मुदतीत आला.

अहवालाचे पहिलेच पान या चाचणीचे खरे आकर्षण आहे. त्यावर दोन रंगांचे एक वर्तुळ असून त्यात आपल्या शरीरात स्नायूंचे जलद, म्हणजे वेगाच्या कामाचे, तंतू किती टक्के आणि मंद, म्हणजे दमाच्या कामाचे, तंतू किती टक्के हे नेमक्या आकड्यांत दिलेले असते. त्याखाली ‘अनुकूल क्रीडाप्रकार’ आणि ‘टाळावेत असे क्रीडाप्रकार’ अशी दोन शीर्षके येतात. पुढच्या पानांवर तीन-चार जनुकांची नावे, प्रत्येकापुढे दोन अक्षरे आणि शेवटी सगळ्यांची बेरीज करून काढलेला एक गुणांक. बहुतेक पालक पहिल्या पानापुढे जात नाहीत. मला मात्र मागची पाने अधिक प्रामाणिक वाटली, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

त्या पानांवरचे सर्वांत महत्त्वाचे जनुक म्हणजे एसीटीएन३. हे अल्फा-अ‍ॅक्टिनिन-३ नावाचे प्रथिन घडवते, आणि ते प्रथिन फक्त जलद तंतूंमध्ये आढळते. स्नायूच्या तंतूत आकुंचनाची छोटी छोटी एकके एकापुढे एक रचलेली असतात आणि दोन एककांच्या मध्ये झेड नावाची चकती असते. त्या चकतीत अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे धागे एकमेकांना बांधून ठेवण्याचे काम अल्फा-अ‍ॅक्टिनिन कुळातील प्रथिने करतात. या जनुकात ५७७ व्या जागी एका अक्षराचा बदल झाला की तिथे आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी थांबण्याची खूण येते आणि प्रथिन पूर्ण तयारच होत नाही. मूळ प्रतीला ‘आर’ आणि बदललेल्या प्रतीला ‘एक्स’ म्हणतात. आईकडून एक आणि वडिलांकडून एक प्रत मिळत असल्याने माणूस आरआर, आरएक्स किंवा एक्सएक्स असू शकतो, आणि एक्सएक्स असलेल्यांच्या स्नायूंत हे प्रथिन अजिबात नसते.

सिडनीतील कॅथरिन नॉर्थ आणि त्यांचे सहकारी स्नायूंच्या आनुवंशिक दुर्बलतेचे कारण शोधत असताना काही रुग्णांच्या स्नायूंत हे प्रथिन नसल्याचे त्यांना दिसले. पुढे ते धडधाकट माणसांतही नसते हे लक्षात आले आणि १९९९ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जगात सुमारे दीड अब्ज माणसे या प्रथिनावाचून जगतात आणि त्यामुळे त्यांना कोणताही आजार होत नाही. त्याच कुळातील अल्फा-अ‍ॅक्टिनिन-२ हे भावंड झेड-चकतीतली रिकामी जागा सांभाळून घेते. मात्र भावंडांचे स्वभाव थोडे वेगळे असल्याने जलद तंतूंची चयापचयाची रीत बदलते. हे जनुक निष्क्रिय केलेल्या उंदरांचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांच्या स्नायूंचा कल प्राणवायू वापरून ऊर्जा मिळवण्याकडे झुकलेला दिसला. माणसांवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चौदा अंश सेल्सिअसच्या पाण्यात बसवलेल्या तरुणांपैकी एक्सएक्स असलेल्यांनी शरीराचे तापमान अधिक चांगले टिकवून ठेवले. ज्याला अहवाल ‘कमतरता’ म्हणतो तो बदल थंड प्रदेशात माणसाच्या उपयोगी पडला असावा, अशी शक्यता त्यातून पुढे येते. अहवालात या प्रयोगाविषयी एक ओळही नाही, याचे मला वाईट वाटले. ज्या मुलीच्या हाती हा कागद जाणार तिला स्वतःच्या शरीराविषयी ही बाजूही कळायला हवी.

जनुक ओळखण्याचे हे काम प्रयोगशाळेने नीट केले आहे याविषयी मला शंका नाही. एका ठरावीक जागेचे एक अक्षर वाचणे आज अवघड राहिलेले नाही आणि त्यासाठी लाळ पुरेशी असते. या अक्षराचा वेगाशी काही संबंध आहे, हेही खरे. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातील चारशेहून अधिक अव्वल खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वसामान्य लोकांत एक्सएक्स असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्के, तर वेग आणि ताकदीच्या खेळांतील खेळाडूंत ते सुमारे ६ टक्के आढळले. गोष्ट इथवर आली की विक्रेत्याचे काम सोपे होते. परंतु हाच मुद्दा उलट बाजूने तपासला की तो डळमळतो. जमैकातील वेगवान धावपटूंत एक्सएक्स जवळजवळ आढळत नाहीत, पण जमैकातील न धावणाऱ्या माणसांतही ते तितकेच विरळ आहेत. केनियात एक्सएक्स असलेली माणसे शंभरात एखादीच सापडते आणि तरीही लांब पल्ल्याच्या शर्यतींत केनियाचे वर्चस्व आहे. एक्सएक्स म्हणजे दमाचा धावपटू हे समीकरण खरे असते तर केनियात मॅरेथॉनपटू घडायलाच नको होते. दुसरीकडे, एक्सएक्स असूनही ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेला स्पेनचा एक लांब उडी मारणारा खेळाडू शास्त्रीय नियतकालिकात नोंदला गेला आहे. अव्वल धावपटूंच्या वेळांतील फरकाचा जेमतेम एक-दोन टक्के भाग या जनुकाने समजावता येतो. हजार माणसांच्या सरासरीत दिसणारा फरक एका मुलीच्या पायांविषयी फारसे काही सांगू शकत नाही.

आता पहिल्या पानावरच्या वर्तुळाकडे वळू. या चाचणीतला सर्वांत गंभीर दोष तिथे आहे.

स्नायूंतील तंतूंचे प्रकार ठरतात ते मुख्यतः मायोसिन या प्रथिनाच्या कोणत्या रूपाने तो तंतू बनला आहे त्यावरून. मायोसिन अ‍ॅक्टिनला पकडून ओढते आणि त्यासाठी ऊर्जा खर्च करते. ही पकड किती वेगाने सुटते यावर तंतूचा वेग अवलंबून असतो. माणसाच्या हातापायांत प्रामुख्याने तीन रूपे आढळतात. पहिल्या प्रकारच्या तंतूंतले मायोसिन मंद असते, त्यांत तंतुकणिका (पेशीतली ऊर्जाकेंद्रे, मायटोकॉन्ड्रिया) आणि मायोग्लोबिन (प्राणवायू साठवणारे प्रथिन) भरपूर असल्याने ते लाल दिसतात आणि थकायला वेळ घेतात. दोन-ए प्रकारचे तंतू जलद असूनही बऱ्यापैकी टिकाऊ असतात, तर दोन-एक्स प्रकारचे सर्वांत जलद आणि लवकर थकणारे असतात. उंदरांत आणखी एक, दोन-बी प्रकार असतो. त्याचे जनुक माणसातही आहे, पण आपल्या हातापायांच्या स्नायूंत त्यापासून प्रथिन तयार होत नाही. असे असताना अहवालाच्या एका चौकटीत माणसातील ‘दोन-बी तंतू’ असा उल्लेख आलेला आहे. वर्गात मी विद्यार्थ्यांना ही चूक दुरुस्त करायला लावते, आणि इथे ती पैसे घेऊन छापली गेली आहे.

तंतूंची टक्केवारी काढायची तर तंतूच पाहावे लागतात. स्वीडनच्या योनास बर्गस्ट्रोम यांनी १९६२ मध्ये सुईने स्नायूचा छोटा तुकडा काढण्याची पद्धत रूढ केली, पुढे त्या तुकड्याचे पातळ काप रंगवून प्रकार मोजता येऊ लागले, आणि अव्वल लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या पोटरीत सुमारे सत्तर टक्के तंतू मंद असतात तर वेगवान धावपटूंत ते सुमारे चौथा हिस्सा असतात, हे सत्तरच्या दशकात अशाच मोजणीतून कळले. लाळेत गालातल्या आणि रक्तातल्या पेशी असतात, स्नायूचा तंतू नसतो. शिवाय ‘शरीरातले जलद तंतू इतके टक्के’ हा वाक्प्रयोगच निरर्थक आहे. उभे राहण्यासाठी दिवसभर राबणारा पोटरीचा खोलवरचा सोलियस स्नायू बहुतांशी मंद तंतूंचा असतो, पापण्या मिटणारा स्नायू जवळजवळ सगळा जलद असतो, आणि मांडीच्या बाहेरच्या स्नायूत बहुतेक माणसांचे प्रमाण निम्म्या-निम्म्याच्या आसपास येते. वर्तुळातला आकडा यांपैकी कोणत्या स्नायूचा, हे अहवालात कुठेच सांगितलेले नाही. आरआर असलेल्या तरुणांच्या मांडीत दोन-एक्स तंतू सरासरीने थोडे जास्त असतात असे एका अभ्यासात दिसले आहे, हे मी मान्य करते. पण त्या सरासरीवरून एका व्यक्तीची टक्केवारी छापणे म्हणजे गावाच्या सरासरी पावसावरून अमक्याच्या विहिरीत आज किती हात पाणी आहे ते सांगण्यासारखे आहे.

त्या आकड्याखाली ‘तुमच्या तंतूंची रचना जन्मतः ठरलेली असते’ असे एक वाक्य आहे. स्नायूंच्या शास्त्रातला गेल्या साठ वर्षांतला सर्वांत सुंदर भाग या एका वाक्याने पुसून टाकला आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

१९६० मध्ये आर्थर बुलर, जॉन एक्लस आणि रोझामंड एक्लस यांनी मांजराच्या पायातील एका जलद आणि एका मंद स्नायूच्या चेता (संदेश आणणाऱ्या नसा) कापून अदलाबदल करून जोडल्या. काही काळाने जलद स्नायू मंद होऊ लागला आणि मंद स्नायू जलद. १९६९ मध्ये स्टॅन्ली सॅमन्स आणि गेर्टा व्हर्बोव्हा यांनी सशाच्या जलद स्नायूला सेकंदाला दहा वेळा, मंद चेतेच्या लयीत, दीर्घकाळ विद्युत स्पंदने दिली आणि तो स्नायू मंद झाला. तंतूला आपण काय व्हायचे आहे हे त्याच्यापर्यंत येणारी चेता आणि तिची लय मोठ्या प्रमाणात सांगत असते, हे या दोन प्रयोगांनी सिद्ध केले.

ही लय प्रथिनांच्या भाषेत कशी उतरते ते पुढच्या काही दशकांत उलगडत गेले. चेतेचा संदेश सतत आणि संथ लयीत येत राहिला की तंतूच्या आत कॅल्शियमचे प्रमाण थोडे वाढलेल्या पातळीवर टिकून राहते. त्यामुळे कॅल्सिन्युरिन नावाचे विकर (एन्झाइम) जागे होते, ते एनफॅट या प्रथिनावरील फॉस्फेट काढून टाकते, आणि मोकळे झालेले एनफॅट केंद्रकात शिरून मंद तंतूंची जनुके चालू करण्यास मदत करते. जलद तंतूला संदेश थोडा वेळ आणि दाट येतो, मग बराच काळ शांतता असते. तिथे कॅल्शियम उसळते आणि लगेच ओसरते, म्हणून ही साखळी पूर्ण होत नाही. दुसऱ्या बाजूला सॉक्स६ हे प्रथिन मंद तंतूंची जनुके दाबून ठेवते आणि सिक्स१ हे जलद तंतूंच्या जनुकांना बळ देते. म्हणजे प्रत्येक तंतूत परस्परविरोधी ओढ सतत चाललेली असते. कित्येक तंतूंत एकाच वेळी दोन प्रकारचे मायोसिन सापडते. ते बदलाच्या वाटेवर असतात, आणि दोन रंगांच्या वर्तुळात त्यांना जागाच नाही.

माणसांवरचा पुरावाही बोलका आहे. कोपनहेगनमधील अँडरसन आणि ऑगार्ड यांनी व्यायामाची सवय नसलेल्या तरुणांना तीन महिने वजनांचा जड व्यायाम दिला, तेव्हा त्यांच्या मांडीतील दोन-एक्स मायोसिनचे प्रमाण सुमारे ९ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले. व्यायाम थांबवल्यावर तीन महिन्यांनी ते मूळ पातळीपेक्षाही वर, १७ टक्क्यांपर्यंत गेले. मज्जारज्जूला इजा होऊन पाय निकामी झालेल्यांत, काळ जाईल तसे मंद तंतू जलद होत जातात. वर्षानुवर्षे धावलेला एक भाऊ आणि फारसा व्यायाम न केलेला त्याचा एकरूप जुळा भाऊ यांची तुलना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली आहे, आणि जनुके तीच असूनही धावणाऱ्याच्या मांडीत मंद तंतूंचे प्रमाण कितीतरी अधिक होते. आनुवंशिकतेचा वाटा नाही असे कोणी म्हणत नाही. तंतूंच्या प्रमाणातील फरकाचा जवळपास निम्मा भाग वारशाने येतो असा एक सर्वमान्य अंदाज आहे. पण तो वारसा कित्येक जनुकांत विखुरलेला आहे आणि त्यांपैकी बहुतेक या अहवालात नाहीत.

अहवालात पीजीसी-१-अल्फा या प्रथिनाच्या जनुकाला एक पान दिले आहे, आणि विषय म्हणून ही निवड चांगली आहे. १९९८ मध्ये उंदरांच्या तपकिरी चरबीत सापडलेले हे प्रथिन तंतुकणिकांची संख्या वाढवणाऱ्या जनुकांना चालना देते, आणि ते जास्त प्रमाणात तयार होईल अशी व्यवस्था केलेल्या उंदरांचे पांढरट स्नायू तांबूस, टिकाऊ होतात, हे २००२ मध्ये दिसले. पण अहवाल पाहतो तो या जनुकातला वारशाने आलेला एक लहानसा फरक, तर या प्रथिनाची खरी गंमत अशी की ते मागणीनुसार वाढते. एक लांबची रपेट केली तरी काही तासांत त्या जनुकाचे काम कित्येक पटींनी वाढते. त्या पानावर व्यायामाचा उल्लेख शेवटच्या ओळीत, तोही आहारपूरकांच्या जाहिरातीसोबत आला आहे. शेवटचा गुणांक कोणत्या जनुकाला किती वजन देऊन काढला हे दिलेले नाही, त्यामुळे त्याविषयी लिहिण्यासारखे काही उरत नाही.

सोबत वीस मिनिटांचे दूरध्वनी समुपदेशन मिळते. समुपदेशक सौजन्याने बोलल्या, आरआर आणि एक्सएक्स यांतला फरक त्यांनी अचूक सांगितला, आणि वर्तुळातला टक्का कसा काढला असे विचारल्यावर तो ‘प्रणालीतून येतो’ एवढेच उत्तर त्या देऊ शकल्या. दोष त्यांचा नाही. त्यांना तेवढीच माहिती दिली गेली असणार.

मुलांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. २०१५ मध्ये क्रीडावैद्यक आणि जनुकशास्त्रातील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने प्रसिद्ध केलेल्या एकमताच्या निवेदनात, गुणवत्ता हेरण्यासाठी किंवा प्रशिक्षण ठरवण्यासाठी अशा थेट विकल्या जाणाऱ्या चाचण्यांना स्थान नाही आणि मुलांची अशी चाचणी करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. अशा चाचणीची जाहिरात अमेरिकेतील कोलोरॅडोमध्ये १४९ डॉलरला होऊ लागली ती २००८ मध्ये, म्हणजे निवेदन येईपर्यंत बाजार सात वर्षे पुढे गेला होता. त्या वडिलांना मी सांगितले की मुलीची दोनशे मीटरची वेळ घड्याळ सांगते, सुधारणा होते आहे की नाही हे प्रशिक्षकांची वही सांगते, आणि तिला कोणती शर्यत आवडते हे ती स्वतः सांगते. या तिन्ही गोष्टी त्या अक्षरांपेक्षा जास्त माहिती देतात आणि त्यांना पैसे पडत नाहीत. आपल्याकडचे उदाहरणच द्यायचे तर बीड जिल्ह्यातले अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर स्पर्धात्मक धावण्याकडे वळले आणि त्यानंतर तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदकापर्यंत पोहोचले. बाराव्या-तेराव्या वर्षी ‘टाळावेत असे क्रीडाप्रकार’ या शीर्षकाखाली कोणाचा खेळ बंद करण्याची घाई कशाला?

ज्या प्रौढ व्यक्तीला केवळ कुतूहल आहे, जिला स्वतःच्या एसीटीएन३ ची अक्षरे जाणून घ्यायची आहेत आणि त्यासाठी काही हजार रुपये खर्च करणे परवडते, तिने ही चाचणी जरूर करावी; मागची पाने वाचावीत आणि पहिले पान बाजूला ठेवावे. प्रयोगशाळेच्या कामासाठी आणि वक्तशीरपणासाठी मी पाचपैकी दोन गुण देते. पहिल्या पानावरचे वर्तुळ, जन्मतः ठरलेल्या रचनेचे वाक्य आणि टाळायच्या खेळांची यादी काढून टाकली तर चार गुणही देता येतील.

मागवणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र न विसरता तपासावी. संमतिपत्राच्या तिसऱ्या पानावर जनुकीय माहिती ‘संशोधन भागीदारांना’ देण्यास परवानगी देणारी चौकट आधीच खूण केलेली असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती स्पष्ट कृतीतून दिलेली असावी लागते आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. ती खूण काढून, त्या पानाचे छायाचित्र स्वतःजवळ ठेवून मगच नळी कुरियरकडे द्यावी, आणि अहवाल मिळाल्यावर उरलेला नमुना नष्ट करण्याची विनंती लेखी पाठवावी. मी तशी पाठवली, आणि तिची पोच मला दुसऱ्याच दिवशी मिळाली.